नांगी आणि उघाडी

१९७६ साली महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात एक तरुण डॉक्टर रुजू झाला. जिल्ह्याचं नाव तेव्हा कुलाबा होतं. रायगड हे नाव १९८१ साली मिळालं. डॉक्टर हिम्मतराव बावस्कर जालन्याकडच्या देहेड गावचे, नागपूरला एमबीबीएस झालेले. बिरवाडीला त्यांच्यापुढे विंचू चावलेले रुग्ण येऊ लागले आणि त्यांतले कित्येक डोळ्यांदेखत दगावू लागले.

कोकणात विंचवाचं नवल कुणालाच नव्हतं. जांभ्याच्या गडग्यात, पेंढ्याच्या उडवीत, पावसाआधी भरून ठेवलेल्या लाकूडफाट्यात तो असायचाच. चावला की ठणका लागायचा, भगत उतरवायला बसायचा, रात्र जागून निघायची आणि सकाळी बहुतेक जण कामाला लागायचे. पण लाल विंचवाची गोष्ट वेगळी. त्याच्या दंशाने पोरंबाळं आणि धडधाकट माणसं तोंडाला गुलाबी फेस येऊन मरत. पश्चिम भारतातल्या १९६१ ते १९८३ या काळातल्या नोंदी पाहिल्या, तर लाल विंचवाच्या गंभीर दंशात शंभरातले पंचवीस ते तीस रुग्ण दगावत होते.

बावस्करांनी रुग्णांच्या उशाशी बसून टिपणं ठेवायला सुरुवात केली. आधी उलटी, मग अंगातून घामाच्या धारा, तोंडाला लाळ, पुरुषांमध्ये लिंगाची ताठरता, हातपाय बर्फासारखे गार. त्यानंतर रक्तदाब भडकतो, हृदय थकतं आणि फुप्फुसांत पाणी भरतं. नुसताच जबर ठणका असलेला रुग्ण बहुधा तरून जातो; घामाने निथळणारा आणि हातपाय गार पडलेला रुग्ण धोक्यात असतो. हृदयावरच्या संकटाची ही पूर्वसूचना देणारी लक्षणं १९८२ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आली. संत एकनाथांच्या विंचवावरच्या भारुडातही अंगाला सुटलेल्या घामाचा उल्लेख आहे. नाथांचा रोख काम-क्रोधाकडे होता आणि त्यांनी उतारा सांगितला तो सत्त्वगुणाचा, पण रूपकासाठी निवडलेलं लक्षण अगदी नेमकं होतं.

हे सारं घडतं ते मज्जापेशींच्या आवरणातल्या अतिसूक्ष्म दारांमुळे. आणि १९७६ हेच वर्ष त्या दारांच्या इतिहासातही मोठं आहे.

त्या वर्षी जर्मनीतल्या ग्योटिंगेन शहरात एर्विन नेहर आणि बर्ट साकमान यांनी बेडकाच्या स्नायूवर काचेची बारीक नळी टेकवली आणि एकाच आयन चॅनलमधून, म्हणजे अशा एकाच दारातून, वाहणारा विद्युतप्रवाह मोजून दाखवला. तो अँपिअरच्या लाख कोटीव्या भागाच्या पटीत मोजावा लागतो. आलेखावरची रेघ पायरीसारखी वर चढायची आणि तशीच एकदम खाली यायची: दार उघडलं, दार मिटलं. अर्धवट उघडलेलं असं काही दिसत नव्हतं. १९९१ साली दोघांना नोबेल मिळालं. अशी दारं असणार, हा अंदाज मात्र ॲलन हॉजकिन आणि अँड्र्यू हक्स्ली यांनी १९५२ सालीच मांडला होता. त्यांनी प्रयोग केले माकुलाच्या मज्जातंतूवर. अलिबाग-मुरुडच्या बाजारात टोपलीत येणाऱ्या माकुलाच्याच या कुळातल्या काही जातींत तो तंतू अर्धा मिलिमीटर किंवा त्याहूनही जाड असतो, म्हणून त्याच्या आत तार सरकवता येते.

दार उघडतं कसं, हे रायगडच्या खारजमिनी पाहिलेल्याला चटकन कळेल. खाडीच्या बांधात जी उघाडी असते, तिच्या झडपेला राखणदार लागत नाही. ओहोटीला आतल्या पाण्याच्या दाबाने ती उघडते आणि भरतीचं पाणी चढलं की बाहेरच्या दाबाने मिटते. मज्जापेशीच्या सोडियम चॅनललाही राखणदार नसतो. आवरणाच्या आत-बाहेर विजेचा जो फरक असतो, तो ठरावीक मर्यादेपलीकडे बदलला की चॅनलच्या प्रथिनातला विद्युतभारित भाग हलतो आणि दार उघडतं. बाहेरचं सोडियम आत धावतं, फरक आणखी बदलतो, शेजारची दारंही उघडतात आणि संदेश पुढे सरकतो. एक-दोन मिलिसेकंदांत त्याच प्रथिनाचा आतला एक भाग वाट बुजवतो. मग पोटॅशियमची दारं उघडतात, पोटॅशियम बाहेर पडतं आणि पेशी पूर्वस्थितीला येते.

लाल विंचवाचं विष या मिटण्यावरच घाला घालतं. ते सोडियम चॅनल मिटायला उशीर लावतं. संदेश थांबायचा तो थांबत नाही. मज्जातंतूंच्या टोकांतून आणि अधिवृक्क ग्रंथीतून रसायनांचा लोंढा रक्तात उतरतो. घाम, उलटी, गारठा, भडकलेला रक्तदाब ही सगळी त्याचीच रूपं. एवढ्यावर भागत नाही. १९९० साली याच लाल विंचवाच्या विषातून ३७ अमिनो आम्लांचं एक लहानसं प्रथिन वेगळं काढण्यात आलं, त्याचं नाव आयबेरिओटॉक्सिन. एका ठरावीक पोटॅशियम चॅनलच्या तोंडाशी ते बुचासारखं बसतं. म्हणजे एकाच नांगीतून दोन्ही कामं: सोडियमचं दार उघडं ठेवायचं आणि पोटॅशियमचं अडवायचं. तेच प्रथिन आज जगभरच्या प्रयोगशाळांत त्या चॅनलची ओळख पटवण्यासाठी वापरतात.

बिरवाडी-महाडकडे मात्र रेणूंचा हा सगळा उलगडा होईपर्यंत थांबायला सवड नव्हती. पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयातून एम.डी. होऊन बावस्कर या भागात परतले. दार मिटवणारं औषध कुणाकडेच नव्हतं, म्हणून त्यांनी दाराच्या पुढे काय बिघडतं त्याकडे लक्ष दिलं. लोंढ्याने रक्तवाहिन्या आवळल्या जातात आणि हृदयाला त्या दाबाविरुद्ध रक्त ढकलावं लागतं. मग वाहिन्याच सैल करायच्या. आधी नायट्रोप्रुसाइड वापरून झालं, पण ते शिरेतून थेंबथेंब द्यावं लागतं आणि रक्तदाबावर सतत नजर ठेवावी लागते. खेड्यात ते जमणं कठीण. प्राझोसिन ही रक्तदाबाची साधी, स्वस्त गोळी. लोंढ्यातलं नॉरअॅड्रेनलिन रक्तवाहिनीच्या ज्या अल्फा रिसेप्टरवर काम करून ती आवळतं, तोच ही गोळी अडवते. हातपाय उबदार आणि कोरडे होईपर्यंत ती ठरावीक तासांनी पुन्हा द्यायची. या उपचाराचे अनुभव हिम्मतराव आणि त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी १९८६ साली ‘लॅन्सेट’मध्ये मांडले. गोळी रुळली तसा मृत्यूंचा आकडा शंभरी पंचवीस-तीसवरून दोन ते चारवर आला.

ग्योटिंगेनचा शोध आणि बिरवाडीचा उपचार यांत थेट धागा नाही. चॅनलला हात न लावताच मरण टाळता आलं आणि विषाच्या रेणूंचा नेमका हिशेब बराच मागाहून लागला.

मुळावर घाव घालणारं औषध म्हणजे प्रतिविष. घोड्याच्या रक्तातून तयार होणाऱ्या प्रतिपिंडांनी ते रक्तात मोकळं फिरणारं विष निकामी करतं, पण आधीच सुटलेल्या लोंढ्याला ते आवरू शकत नाही. त्यामुळे दोन्ही औषधं एकत्र दिली तर काय होतं, हे पाहणं भाग होतं. महाडच्या रुग्णालयात ७० रुग्णांवर ही चाचणी झाली. २०११ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार प्राझोसिनसोबत प्रतिविष मिळालेल्या ३५ जणांपैकी ३२ जण दहा तासांत पूर्ण बरे झाले, नुसत्या प्राझोसिनवर असलेल्या ३५ जणांपैकी तेवढ्याच वेळात बरे झाले ८. बावस्करांना २०२२ साली पद्मश्री जाहीर झाली.