सैनिकी वेतनपत्रे : एका बंदिस्त चलनाचा इतिहास

विजयी सैन्य परमुलखात तळ ठोकून राहते, तेव्हा त्याच्या पगाराचा प्रश्न केवळ हिशेबाचा राहत नाही. अमेरिकन सैन्याने 1946 ते 1973 या काळात परदेशांत वापरलेली सैनिकी वेतनपत्रे हे या प्रश्नाचे एक उत्तर होय. त्या उत्तराची किंमत कोणी मोजली, याचाही विचार व्हावयास हवा.

या पद्धतीचे मूळ युद्धोत्तर जर्मनीत सापडते. दोस्त राष्ट्रांनी तेथे लष्करी मार्क प्रचारात आणले. त्यांच्या छपाईचे ठसे 1944 मध्ये अमेरिकेने सोव्हिएत रशियास दिले. त्यामुळे एकूण किती नोटा निघाव्यात यावर अमेरिकेचा ताबा उरला नाही. इकडे अमेरिकन सैनिकास दहा मार्कांस एक डॉलर या दराने रक्कम मायदेशी धाडता येई. साहजिकच सिगारेटी व घड्याळे काळ्या बाजारात विकून मिळालेल्या मार्कांचे डॉलर झाले, आणि वाटलेल्या पगाराहून अधिक डॉलर अमेरिकन खजिन्यास चुकते करावे लागले.

ही गळती थांबविण्यासाठी सप्टेंबर 1946 मध्ये वेतनपत्रांची पहिली मालिका निघाली. तीत पाच सेंटांपासून दहा डॉलरांपर्यंतची पत्रे होती. म्हणजे सुटी मोडही कागदीच होती. ती केवळ अधिकृत व्यक्तींनी लष्करी दुकानांत व क्लबांत वापरावयाची होती. स्थानिक रहिवाशाने ती बाळगणे नियमबाह्य होते.

या पद्धतीचे खरे बळ 'बदलाच्या दिवसा'त होते. तो दिवस गुप्त ठेवला जाई. त्या दिवशी तळाची फाटके बंद होत, सैनिकांस जुन्या पत्रांऐवजी नव्या मालिकेची पत्रे मिळत आणि जुनी पत्रे कायमची रद्द होत. व्हिएतनाममध्ये ही पत्रे 1965 मध्ये आली व 1968, 1969 आणि 1970 मध्ये बदलली गेली. तरीही नियम धाब्यावर बसवून ती फाटकाबाहेर जातच होती, कारण तेथील पियास्टरपेक्षा लोकांचा त्यांवर अधिक विश्वास होता. बदलाच्या दिवशी धोबी, दुकानदार, मद्यगृहातील नोकर यांच्या हाती राहिलेली पत्रे निव्वळ रद्दी ठरत. ओळखीच्या सैनिकाकरवी ती पडत्या भावाने बदलून घेणे, एवढाच मार्ग त्यांना उरे.

डॉलरचे रक्षण करण्यात ही योजना बऱ्याच अंशी यशस्वी झाली. परंतु तिने नफेखोर आणि कष्टकरी यांत भेद केला नाही. चलनाचे मूल्य ते कोणाच्या हाती आहे यावर ठरू लागले, की तोटा नेहमी फाटकाबाहेरच्यांच्या वाट्यास येतो.