अनुस्वाराचा ठिपका आणि संगणकाचा पडदा



स्मृतिव्याख्यानासाठी मी संगणकाच्या पडद्याचा इतिहास निवडला, याचे काहींना नवल वाटेल. मी आयुष्यभर मराठी शिकविली. तंत्रविद्या हा माझा प्रांत नव्हे. परंतु लिपी ज्या साधनावर उमटते, त्या साधनाचा धर्म भाषेच्या अभ्यासकाने जाणून घ्यावा, असे माझे मत आहे. शिलालेख, ताम्रपट, बोरू आणि छापखान्यातील खिळे यांचा आपण विचार करतो. मग पडदाच का वगळावा?

पडद्यावरील अक्षर म्हणजे ठिपक्यांची रांगोळी. आडवे किती ठिपके आणि उभे किती, या जोडीला रिझोल्यूशन म्हणतात. १९८१ साली आयबीएम कंपनीने आपला पर्सनल कॉम्प्युटर बाजारात आणला. त्याच्या सीजीए या रंगीत पद्धतीत अधिकात अधिक ६४० × २०० ठिपके मिळत. हा आकडा ठरला स्मृतीच्या मर्यादेमुळे. कार्डावरची स्मृती अवघी १६ किलोबाइट. १,२८,००० ठिपक्यांना प्रत्येकी एक बिट दिला की १६,००० बाइट खर्ची पडत. त्यात रंग दोनच उरत.

त्या दोनशे रेषांत मजकुराच्या पंचवीस ओळी बसवायच्या, म्हणजे एका अक्षराला उंचीत आठच ठिपके. रोमन अक्षराचे तेवढ्यात भागते. ‘मूर्ती’ हा शब्द मात्र त्यात बसवून पाहा. वर रफार आणि वेलांटी, मध्ये शिरोरेषा, खाली दीर्घ ऊकार. वरच्या चिन्हांना दोन, शिरोरेषेला एक आणि खालच्या चिन्हांना दोन ठिपके दिले, तर अक्षराच्या देहाला तीनच उरतात! आपल्या शेजारच्या कानडीची ओळीखाली उतरणारी जोडाक्षरेही याच अडचणीत सापडणार.

पुढे १९८४ मध्ये ईजीए पद्धतीने ३५० रेषा दिल्या आणि अक्षराची उंची चौदा ठिपके झाली. १९८७ मध्ये व्हीजीए आली. तिच्यात मजकुरासाठी ४०० रेषा आणि अक्षराला सोळा ठिपके मिळाले. चित्रासाठी ६४० × ४८० ठिपके आणि सोळा रंग. ओळी पंचवीसच राहिल्या, पण प्रत्येक अक्षर ऐसपैस झाले. त्याच सुमारास आयआयटी कानपूर येथे आरंभलेले आणि १९८८ मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या सी-डॅक संस्थेत वाढलेले ‘जिस्ट’ तंत्र भारतीय लिप्यांची जोडाक्षरे पडद्यावर आणू लागले. साधन आणि लिपी यांची गाठ अशी पडली.

आता तारांकडे वळू. सीजीए आणि ईजीए यांची तार अंकीय होती. प्रत्येक रंगाच्या तारेत विद्युत्‌संकेत आहे किंवा नाही, एवढेच ती सांगे. त्यामुळे रंग मोजकेच. व्हीजीएच्या पंधरा टाचण्यांच्या जोडणीने लाल, हिरवा आणि निळा यांचे चढउतार अखंड, म्हणजे अ‍ॅनालॉग, संकेतांनी नेले. काचेच्या नळीच्या पडद्याला ते मानवले. पुढे सपाट पडदे आले. त्यांचे ठिपके मोजून बसविलेले. अखंड संकेताचे पुन्हा ठिपक्यांत रूपांतर करताना कडा धूसर होऊ लागल्या. म्हणून १९९९ मध्ये डीव्हीआय, २००२ मध्ये ध्वनीही सोबत नेणारी एचडीएमआय आणि २००६ मध्ये डिस्प्लेपोर्ट अशा अंकीय जोडण्या आल्या. जी वाट सोडली होती, तिच्याकडेच तंत्र परतले. मात्र अधिक संपन्न होऊन. प्रगती सरळ रेषेत चालत नाही, हे भाषेच्या इतिहासानेही आपणास शिकविले आहेच.

यात शाळेचा संबंध काय? सपाट पडद्याचे ठिपके कारखान्यातच ठरतात. १९२० × १०८० ठिपक्यांच्या, म्हणजे सुमारे वीस लक्ष त्र्याहत्तर हजार ठिपक्यांच्या पडद्यावर आपण १०२४ × ७६८ ची मांडणी ताणून बसविली, तर एक ठिपका दोन ठिपक्यांच्या सीमेवर पडतो आणि अक्षर पसरते. अक्षर मोठे हवे असल्यास अक्षराचा आकार वाढवावा. रिझोल्यूशन पडद्याचे स्वतःचे असेल तेच ठेवावे. संगणक आणि पडदा दोहोंना अंकीय जोडणी असेल, तर व्हीजीएची तार वापरू नये. जुना पडदा मात्र टाकूनही देऊ नये. व्हीजीएचा संगणक एचडीएमआयच्या पडद्याला जोडताना केवळ तार पुरत नाही, संकेत बदलणारा परिवर्तक लागतो, एवढे ध्यानात असावे.

‘मुलाचे’ आणि ‘मुलांचे’ यांत अंतर एका ठिपक्याचे. ‘दिन’ आणि ‘दीन’ यांत एका वेलांटीचे. या सीमाभागात अनेक मुलांना शुद्ध मराठी पाहावयास मिळते ती वर्गातच. फळ्यावरचे अक्षर वळणदार असावे, असा आग्रह आपल्या शिक्षकांनी पिढ्यानपिढ्या धरला. पडदा हा आजचा फळा आहे. शेवटच्या बाकावरील मुलाला तेथील अनुस्वार दिसतो की नाही, हे वर्ग सुरू होण्यापूर्वी शिक्षकाने त्या बाकावर बसून एकदा पाहावे, एवढीच माझी विनंती आहे.