आफ्रिकेत घराघरात बीपी कसा पोहोचला? दोष रक्ताचा की राहणीचा?

साल 1929. सी. पी. डॉनिसन नावाच्या ब्रिटिश डॉक्टरचा एक छोटासा लेख ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. डॉनिसन तेव्हा केनियाच्या नैऋत्य भागात, व्हिक्टोरिया सरोवराजवळच्या दक्षिण काविरोंडोमधल्या एका दवाखान्यात काम करत होता. दोन वर्षांत तिथे साधारण 1800 रुग्ण दाखल झाले, पण उच्च रक्तदाबाचा एकही रुग्ण त्याला सापडला नाही. मग त्याने सुमारे 1000 स्थानिक पुरुषांचा रक्तदाब मोजला. तरुणांचे आकडे युरोपातल्या तरुणांसारखेच होते. फरक दिसला तो चाळिशीनंतर. युरोपात वयासोबत रक्तदाब चढत जायचा, इथे तो उलट थोडा उतरत होता.

आता त्याच केनियाचं 2015 सालचं राष्ट्रीय सर्वेक्षण बघा. जवळपास 24 टक्के प्रौढांचा रक्तदाब वाढलेला निघाला. म्हणजे चारातला एक. पंच्याऐंशी-नव्वद वर्षांत असं काय झालं?

आधी थोडं आकड्यांविषयी

रक्तदाब 140/90 किंवा त्याहून जास्त असेल आणि वेगवेगळ्या दिवशी मोजूनही तो तसाच राहिला, तर त्याला साधारणपणे उच्च रक्तदाब म्हणतात. वरचा आकडा हृदय आकुंचन पावताना रक्तवाहिन्यांवर पडणारा दाब सांगतो, खालचा दोन ठोक्यांच्या मधला. या आजाराची खरी अडचण म्हणजे बहुतेकांना काहीच जाणवत नाही. डोकं दुखत नाही, चक्कर येत नाही, रोजची कामं सुरळीत चालू राहतात. आत मात्र मेंदू, हृदय आणि मूत्रपिंडाच्या रक्तवाहिन्या झिजत असतात.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार 2019 साली जगभरात 30 ते 79 वयोगटातल्या सुमारे 128 कोटी लोकांना उच्च रक्तदाब होता. संघटनेने जगाचे जे विभाग पाडलेत, त्यांत सर्वाधिक प्रमाण आफ्रिका विभागात नोंदवलं गेलं, 27 टक्के. सगळ्यात कमी अमेरिका खंडांच्या विभागात, 18 टक्के. अर्थात आफ्रिका म्हणजे काही एक देश नाही. पन्नासहून अधिक देशांसाठी एकच सरासरी सांगितली की बरंच काही झाकलं जातं. केनियात 24 टक्के असताना दक्षिण आफ्रिकेच्या 2016 च्या सर्वेक्षणात 46 टक्के महिला आणि 44 टक्के पुरुषांचा रक्तदाब जास्त आढळला होता.

‘कृष्णवर्णीयांना बीपी असतोच’ हे खरं आहे का?

सोशल मीडियावर, आणि खरं तर बरीच वर्षं वैद्यकीय वर्तुळातही, हे विधान सहज केलं जातं. अमेरिकेतल्या आफ्रिकन वंशाच्या लोकांमध्ये उच्च रक्तदाब जास्त आढळतो, त्यावरून तो ‘वंशाचाच’ आजार असल्याचा निष्कर्ष काढला गेला. गुलामांच्या जहाजांवर जे तगले त्यांची शरीरं मीठ धरून ठेवणारी होती, असा एक सिद्धान्तही मांडला गेला. इतिहासकारांनी त्याचे पुरावे तपासले तेव्हा तो फारसा टिकला नाही.

या समजाला सगळ्यात मोठा धक्का दिला तो रिचर्ड कूपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. त्यांनी पश्चिम आफ्रिका, कॅरेबियन बेटं आणि अमेरिका इथल्या, मुळं पश्चिम आफ्रिकेत असलेल्या लोकांचा रक्तदाब एकाच पद्धतीने मोजला. 1997 मध्ये आलेले निष्कर्ष असे होते: पश्चिम आफ्रिकेत 16 टक्के, कॅरेबियनमध्ये 26 टक्के आणि अमेरिकेत 33 टक्के. पूर्वज एकाच भागातले, पण घर बदललं तसं प्रमाण दुप्पट झालं. 2005 मध्ये याच गटाने गोऱ्या लोकसंख्यांचीही तुलना केली. तेव्हा जर्मनीतलं प्रमाण 55 टक्के निघालं, अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं 44 आणि नायजेरियातल्यांचं 14 टक्क्यांच्या आसपास. जर्मन माणसाला बघून ‘याला बीपी असणारच’ असं मात्र कुणी म्हणत नाही.

आनुवंशिकतेचा काहीच संबंध नाही, असा याचा अर्थ नाही. आईवडिलांना उच्च रक्तदाब असेल तर मुलांचा धोका वाढतोच, पण हे सगळ्या जगाला लागू आहे.

गाव सुटलं, दाब चढला

मग बदललं काय? याचं सर्वांत स्पष्ट उत्तर पुन्हा पश्चिम केनियातूनच मिळालं. सरोवराकाठच्या लुओ समाजातले अनेक तरुण कामासाठी नैरोबीला जात. नील पॉल्टर आणि सहकाऱ्यांनी हे स्थलांतरित आणि गावातच राहिलेले लोक यांचा काही काळ पाठपुरावा केला. 1990 मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. शहरात गेलेल्यांचा रक्तदाब गावातल्यांपेक्षा जास्त होता, आणि हा फरक दिसायला वर्षानुवर्षं लागली नाहीत. शहरात पोहोचल्यावर थोड्याच काळात तो दिसू लागला. लघवीच्या तपासणीतून कारणही समोर आलं. शरीरात जाणारं सोडियम वाढलं होतं आणि पोटॅशियम घटलं होतं. सोप्या भाषेत, मीठ जास्त आणि भाजीपाला-फळं कमी. वजन आणि नाडीचे ठोकेही वाढले होते.

मीठ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर लोणचं-पापड येतं. पश्चिम आफ्रिकेत मीठ येतं ते इवल्याशा घनातून. आपल्याकडे मॅगी म्हणजे नूडल्स, पण सेनेगल किंवा नायजेरियात मॅगी म्हटलं की रश्शात टाकायची मसाल्याची वडी. अशा वड्या अनेक कंपन्या बनवतात. त्या स्वस्त असतात, कोपऱ्यावरच्या दुकानात सुट्या मिळतात आणि मांस-मासळी कमी असली तरी पातेल्याला चव आणतात. त्यात मोठा वाटा मिठाचाच. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा, म्हणजे साधारण एका चमचाभरापेक्षा, कमी मीठ पोटात जावं. अशा स्वयंपाकात ती मर्यादा कधी ओलांडली जाते ते कळतही नाही.

‘मीठ कमी खा’ असं सांगून फारसं काही होत नाही, कारण पाकिटबंद पदार्थातलं मीठ खाणाऱ्याच्या हातात नसतं. दक्षिण आफ्रिकेने म्हणूनच थेट कायद्याचा रस्ता धरला. तिथे जून 2016 पासून ब्रेड, प्रक्रिया केलेलं मांस, चिप्स, सूपच्या वड्या अशा अनेक पदार्थांतल्या सोडियमवर बंधनकारक मर्यादा आली. ब्रेडसाठी ती 100 ग्रॅममागे 400 मिलिग्रॅम होती, 2019 मध्ये 380 वर आणली गेली.

वजनाचा मुद्दाही तितकाच मोठा आहे. दक्षिण आफ्रिकेच्या त्याच 2016 च्या सर्वेक्षणात 68 टक्के महिलांचं वजन प्रमाणापेक्षा जास्त होतं, पुरुषांमध्ये 31 टक्क्यांचं. त्यात भर दारूची, तंबाखूची, बैठ्या कामाची. आणि लोक आता जास्त जगतात, त्यामुळे वयाचा घटकही आहेच.

किंमत कोण मोजतं?

श्रीमंत देशांत हृदय निकामी होण्याचे रुग्ण बहुतेक सत्तरीतले असतात. आफ्रिकेतल्या 9 देशांच्या 12 रुग्णालयांत दाखल झालेल्या अशा 1006 रुग्णांचा अभ्यास 2012 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांचं सरासरी वय होतं 52. सर्वाधिक आढळलेलं कारण होतं उच्च रक्तदाब. बावन्न म्हणजे कमावतं वय. मुलांचं शिक्षण चालू असतं, अनेकदा म्हातारे आईवडीलही त्याच पगारावर अवलंबून असतात. नायजेरिया आणि घानामधल्या पक्षाघाताच्या रुग्णांवर झालेल्या मोठ्या अभ्यासातही पहिला गुन्हेगार उच्च रक्तदाबच ठरला. हिरव्या पालेभाज्या कमी खाणं हाही त्या यादीत होता.

औषध आहे, मग अडतं कुठे?

उपचार नवे नाहीत आणि फार महागडेही नाहीत. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘क्रिओल’ चाचणीत सहा आफ्रिकी देशांतल्या 728 कृष्णवर्णीय रुग्णांना दोन-दोन औषधांच्या तीन वेगवेगळ्या जोड्या दिल्या गेल्या. ज्या दोन जोड्यांत अॅम्लोडिपिन होतं, त्यांनी जास्त चांगलं काम केलं. हीच गोळी आपल्याकडेही असंख्य घरांत सकाळच्या चहासोबत घेतली जाते.

पण गोळी रोज, बहुधा आयुष्यभर घ्यायची असते. दवाखाना लांब असेल, तिथपर्यंतच्या बसभाड्यात दिवसाची मजुरी जात असेल आणि पोचल्यावर औषध संपलेलं असेल, तर बरं वाटणारा माणूस पुढच्या महिन्यात जाईलच कशाला? दक्षिण आफ्रिकेने 2014 पासून यावर एक तोडगा राबवला. तब्येत स्थिर असलेल्या रुग्णांना एचआयव्ही, मधुमेह, रक्तदाब अशा आजारांची औषधं दवाखान्यात रांग न लावता घराजवळच्या ठरलेल्या ठिकाणी मिळू लागली.

त्याआधीचा अडथळा मात्र आणखी साधा आहे. केनियाच्या 2015 च्या सर्वेक्षणातल्या निम्म्याहून अधिक लोकांच्या दंडाला बीपी मशीनचा पट्टा आयुष्यात एकदाही लागलेला नव्हता. लुओ स्थलांतरितांचा अभ्यास करणाऱ्या नील पॉल्टर यांच्याच पुढाकाराने 2017 पासून दर मे महिन्यात जगभर रक्तदाब मोजण्याची मोहीम भरते. तिच्यात आफ्रिकेतले अनेक देश सहभागी होतात. बाजारात, चर्चबाहेर, कामाच्या ठिकाणी टेबल-खुर्ची टाकून येणाऱ्या-जाणाऱ्यांचा बीपी मोजला जातो. तपासणी फुकट असते.