जुनी प्रश्नपत्रिका आणि नवा अग्निबाण

परीक्षा घेणें हें काम वरवर पाहतां सोपें वाटतें. प्रश्न काढावे, उत्तरें तपासावीं, गुण द्यावे, कीं झालें. परंतु ज्यानें आयुष्यभर प्रश्नपत्रिका काढल्या त्याला विचारा. तो सांगेल कीं, परीक्षा विद्यार्थ्याची होते तितकीच ती प्रश्नपत्रिकेचीही होत असते. गतवर्षींचेच प्रश्न नव्या वर्गास घातले तर वर्ग सुखानें उत्तीर्ण होईल. मात्र त्याला खरोखर काय येतें, हें आपणांस कधींच कळणार नाहीं. आज ज्या घटनेचा इतिहास मी सांगणार आहें, तींत परीक्षार्थी मनुष्य नव्हता. तो संगणक होता.

दिनांक ४ जून १९९६. दक्षिण अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावर फ्रेंच गयाना नांवाचा प्रदेश आहे. तेथील कूरू ह्या तळावरून युरोपीय राष्ट्रांनीं मिळून तयार केलेला ‘आरियान ५’ हा अग्निबाण प्रथमच आकाशांत झेपावला. त्याच्या उदरांत ‘क्लस्टर’ ह्या नांवाचे चार शास्त्रीय उपग्रह होते. उड्डाणाचा क्रम सुरू होऊन सुमारें ४० सेकंद होतात न होतात तोंच, ३७०० मीटर उंचीवर, अग्निबाण एकाएकीं मार्ग सोडून वळला, मोडला, आणि त्याचा स्फोट झाला.

गणिती जाक-लुई लिऑन्स ह्यांच्या अध्यक्षतेखालीं चौकशी मंडळ बसलें, आणि १९ जुलै १९९६ रोजीं त्यानें आपला अहवाल सादर केला. त्यांतून निघालेली हकीकत मोठी उद्बोधक आहे. अग्निबाण कोठें आहे आणि कोणत्या वेगानें व दिशेनें चालला आहे, हें मोजणारीं दोन यंत्रें त्यांत होतीं. एक चालू व दुसरें राखीव. दोहोंची आज्ञावली एकच, आणि ती ‘आरियान ४’ ह्या पूर्वीच्या यशस्वी अग्निबाणांतून जशीच्या तशी घेतलेली. तींतील एक आडवी गति दाखविणारी संख्या एका लहान कोठ्यांत बसवावी लागे. त्या कोठ्यांत ३२७६७ पेक्षां मोठी संख्या मावत नसे. जुन्या अग्निबाणाच्या मार्गांत ती संख्या तितकी वाढण्याचा संभवच नव्हता, म्हणून तिच्यावर पहारा ठेवला नव्हता. परंतु नव्या अग्निबाणाची आडवी गति पांचपट त्वरेनें वाढे. संख्या कोठ्यांत मावेना. राखीव यंत्र क्षणभर आधीं बंद पडलें आणि त्याच कारणानें चालू यंत्रही बंद पडलें. बंद पडतांना यंत्रानें जी दोषसूचक खूण पाठविली, तिलाच मुख्य संगणकानें उड्डाणाची माहिती मानलें आणि धुराड्यांचीं तोंडें पूर्ण वळविण्याची आज्ञा दिली. विशेष हें कीं, ज्या गणितांत ही चूक झाली, त्याचा ‘आरियान ५’ ला उड्डाणानंतर कांहींच उपयोग नव्हता.

येथें कोणी म्हणेल, परीक्षा घेतली नव्हती काय? घेतली होती, पुष्कळ घेतली होती. परंतु ‘आरियान ५’ ज्या मार्गानें जाणार होता त्या मार्गाचे आंकडे ह्या यंत्राला एकदांही घातले गेले नव्हते. यंत्राच्या मागणीपत्रकांतच त्या मार्गाचा समावेश नव्हता. पुढें सर्व अंगांची एकत्र परीक्षा झाली, तेव्हां खरें यंत्र बाजूस ठेवून त्याच्या जागीं त्याची गणिती नक्कल बसविण्यांत आली. यंत्र तर पूर्वींच उत्तीर्ण झालेलें आहे, ही समजूत त्यामागें होती. अपघातानंतर उड्डाणाचे खरे आंकडे घेऊन तीच आज्ञावली जमिनीवर चालविली, तेव्हां अनर्थाची सारी मालिका हुबेहूब पुन्हां घडली. प्रश्न विचारला असता तर उत्तर आधींच मिळालें असतें!

म्हणून मंडळानें शिफारस केली कीं, शक्य तितकीं खरीं यंत्रें जोडावीं, त्यांना वास्तवाला धरून असलेले आंकडे घालावे, आणि संपूर्ण व्यवस्थेची परीक्षा घ्यावी.

ह्याच्या उलट टोंकाचा एक प्रयोग ह्यापूर्वींच झाला होता. १९८८ सालीं अमेरिकेंतील विस्कॉन्सिन विद्यापीठाचे प्राध्यापक बार्टन मिलर वादळी रात्रीं घरून दूरध्वनीच्या तारेनें संगणकावर काम करीत होते. तारेंतील खरखरीमुळें भलतींच अक्षरें आंत शिरत आणि नित्याच्या वापरांतील आज्ञावली कोसळत. ह्या उपद्रवाचेंच त्यांनीं साधन केलें. विद्यार्थ्यांकडून त्यांनीं मुद्दाम निरर्थक अक्षरांचा भडिमार करविला. १९९० सालीं त्याचा वृत्तांत प्रसिद्ध झाला: चतुर्थांशाहून अधिक आज्ञावली कोसळल्या किंवा गोठल्या. मनुष्य स्वतः जे प्रश्न काढतो ते बहुधा त्याच्या अपेक्षेंतलेच असतात. वादळाला कोणतीच अपेक्षा नसते.

आज आज्ञावलींची परीक्षा घेणारी पुष्कळदां दुसरी आज्ञावलीच असते, आणि ती दिवसांतून अनेक वेळां घेतली जाते. प्रश्न व अपेक्षित उत्तरें निराळ्या तक्त्यांत मांडून ठेवतात. परीक्षक यंत्र एकेक ओळ उचलून घालतें आणि उत्तर ताडून पाहतें. तक्ता निराळा असल्यानें नवी ओळ घालणें सोपें जातें. परंतु ३२७६७ ची ओळ लिहून तिच्याखालीं ३२७६८ ची लिहावयाची कीं नाहीं, हें यंत्र आपण होऊन ठरवीत नाहीं. तो विचार मनुष्यालाच करावा लागतो.

नष्ट झालेल्या उपग्रहांच्या जागीं नवे चार उपग्रह २००० सालीं बैकानूरहून आकाशांत गेले. ‘आरियान ५’ नेंही आपली कीर्ति परत मिळविली. २५ डिसेंबर १९२१ नव्हे, तर बरोबर शंभर वर्षांनंतरच्या नाताळांत, म्हणजे २०२१ सालीं, ‘जेम्स वेब’ ही महादुर्बीण त्यानेंच अवकाशांत नेली, आणि २०२३ च्या जुलैंत तो सेवेंतून निवृत्त झाला. पहिल्या दिवशीं तो अनुत्तीर्ण झाला, तो त्याला येत नव्हतें म्हणून नव्हे. त्याला विचारलेले प्रश्न त्याच्या वडील भावाचे होते, म्हणून.