शोधाधारित अध्यापन, रसायनशास्त्र प्रयोगशाळेतील

ठरलेली कृती गिरवण्याऐवजी विद्यार्थ्याने स्वतः प्रश्न मांडून, प्रयोग आखून आणि निरीक्षणांवरून निष्कर्ष काढून शिकण्याची पद्धत. मुंबईतील होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने (स्थापना १९७४) २००४ मध्ये पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी राष्ट्रीय उपक्रम सुरू करून प्रायोगिक रसायनशास्त्राला चालना दिली. बोळिंजसारख्या किनाऱ्याजवळच्या भागात, समुद्राकडे जाताना विहिरींच्या पाण्यातील क्लोराइड वाढते का, हा अशा अध्यापनासाठी योग्य प्रश्न ठरतो. नमुने कोठून व कधी घ्यायचे, हे विद्यार्थी ठरवतात. क्लोराइड मोजण्यासाठी सिल्व्हर नायट्रेटने अनुमापन करताना पोटॅशियम क्रोमेटमुळे येणारी तांबूस छटा अंत्यबिंदू दाखवते. शिक्षक सुरक्षितता सांभाळून प्रतिप्रश्न विचारतो. या पद्धतीत अंतिम आकड्याइतकेच आखणीला व युक्तिवादालाही गुण देणे आवश्यक असते.