स्पर्धा शहरांची, हिशेब कोणाचा?

आम्ही गंगाखेडचे. आमची शिकलेली पोरे पुण्याच्या हिंजवडीकडे जातात आणि मायबाप ऊसतोडीला. मग गुंतवणूक आणण्याच्या शर्यतीत आमची जागा कोणती, हे इतिहासालाच विचारू.

१९६५ मध्ये कांडला येथे आशियातील पहिले निर्यात प्रक्रिया क्षेत्र सुरू झाले. १९७३ मध्ये मुंबईत अंधेरीला सीप्झ आले. चीनने १९८० मध्ये शेन्झेन उघडले. १९९१ नंतर राज्याराज्यांत चढाओढ लागली. बंगळुरूच्या पाठोपाठ हैदराबादने १९९८ मध्ये हायटेक सिटी दाखवली, पुण्याने हिंजवडी. २००५ च्या सेझ कायद्याने निर्यातीच्या नफ्यावर पहिली ५ वर्षे पूर्ण आयकर माफी दिली. मराठवाड्यात शेंद्रा-बिडकीनला ऑरिक उभे राहिले. ७ सप्टेंबर २०१९ रोजी पंतप्रधानांनी ऑरिक हॉलचे उद्घाटन केले.

सगळीकडे रीत एकच. जमीन, पाणी, वीज, रस्ते सरकारने पुरवायचे आणि करही सोडायचा. शेजारचे राज्य जास्त देते म्हणून आपण आणखी द्यायचे. म्हणजे गुंतवणूक कंपनीची असली, तरी पाया जनतेच्या पैशाचा असतो.

त्या जनतेत आम्ही नाही का? संविधानाचे कलम १६(४) सरकारी नोकरीपुरते आहे. कंपनीच्या फाटकाशी ते थांबते. जमिनीचा मोबदला सातबाऱ्यावरच्या नावाला मिळतो. ज्याच्या नावावर गुंठाही नाही, त्या शेतमजुराच्या हाती काय पडते? गायरान कसणाऱ्यालाही अतिक्रमणवालाच ठरवले जाते. १९५९ मध्ये दादासाहेब गायकवाडांनी भूमिहीनांचा सत्याग्रह उभारला, तो याच पडीक सरकारी जमिनीसाठी.

कोणी म्हणेल, तुम्ही उद्योगाचे विरोधक. मुळीच नाही! शेतीवरचा माणसांचा भार हलका करायला औद्योगिकीकरण हवे, हे बाबासाहेबांनी १९१८ मध्येच लहान शेतधारणेवरील निबंधात मांडले होते. पण त्याच बाबासाहेबांनी १९४७ मध्ये 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये मूलभूत उद्योग राज्याच्या मालकीचे असावेत, अशी मागणी केली. कारखाना हवा आणि त्यावर समाजाचा हक्कही हवा, ही आमची परंपरा आहे.

म्हणून मागणी सरळ आहे. जी कंपनी सरकारी जमीन आणि करमाफी घेते, तिने नोकऱ्यांत आमचा वाटा द्यावा आणि कोणत्या समाजाला किती कामे दिली ते दरवर्षी जाहीर करावे. पुढच्या वेळी तालुक्यात कोणी गुंतवणुकीचे आकडे सांगायला आला, तर मित्रांनो, टाळ्या वाजवण्याआधी हा हिशेब मागा.

जय भीम!