आसेध, राजीनामा व प्रतिवादीवरील अधिकार

निवाडपत्र हातीं आलें कीं संग्राहकाची दृष्टि प्रथम शेवटाकडे जाते: वतन कोणाचें ठरलें, हरकी कोणाकडून घेतली, गुन्हेगारी कोणावर बसली. त्याच पुडक्यांतले राजीनामा, हाजीरजामीन, मसाल्याची चिठी असले लहान कागद ‘किरकोळ’ म्हणून बाजूस पडतात. प्रस्तुत लेखकानेंही पुष्कळ वर्षें तेंच केलें. परंतु ज्याच्यावर दावा आहे तो मनुष्य न्यायसभेच्या सत्तेखालीं आला कसा, याचें उत्तर त्या किरकोळ कागदांतच असतें.

धर्मशास्त्रांत या विषयाचा पारिभाषिक शब्द ‘आसेध’ हा होय. निषेध, प्रतिषेध या शब्दांतील सिध् धातूच येथें आहे. अर्थ, अडवून धरणें. प्रतिवादी उत्तर टाळूं लागल्यास राजाचें बोलावणें येईपर्यंत वादीनें त्यास अडवावें, अशी नारदाची अनुज्ञा आहे. स्थान, काल, प्रवास व कर्म या भेदांनीं हा आसेध चतुर्विध सांगितला आहे. बोलावल्यावर पळून जाणाऱ्यास ‘आहूतप्रपलायी’ म्हणून हीनवादींत गणिलें आहे. परंतु खरे पाहण्याजोगे आहेत ते अपवाद. पेरणींत गुंतलेला शेतकरी, गुरें राखणारा गुराखी, विवाहास सिद्ध झालेला वर, रोगी, युद्धांतला शिपाई यांस अडवूं नये. नदी उतरतांना घातलेला आसेध कोणीं मोडला तरी तो निर्दोष. (कन्हानेचा पावसाळी लोंढा ज्यानें पाहिला आहे, त्यास या अपवादावर भाष्य नको.) आणि अडवूं नये त्यास जो अडवी, तो वादीच शिक्षेस पात्र.

पेशवाईच्या अखेरीस ही मर्यादा फारशी उरली नव्हती असें दिसतें. एल्फिन्स्टननें १८१९ च्या आपल्या अहवालांत ‘तकाजा’ वर्णिला आहे. नुसत्या मागणीपासून आरंभ होऊन दारीं पहारा बसविणें, अन्न बंद करणें, डोक्यावर धोंडा देऊन भर उन्हांत एका पायावर उभें करणें, येथपर्यंत त्याची मजल जात असे. धनको स्वतः हें करी; सरकार बहुधा मध्यें पडत नसे.

दुसरी वाट संमतीची. पंचायत बसण्यापूर्वीं उभय पक्ष राजीनामा लिहून देत. आज नोकरी सोडतांना देतात तो हा नव्हे. ‘या थळीं निवाडा होईल तो मान्य करण्यास राजी आहों’ अशा आशयाची ही कबुली असे. हजर राहण्याबद्दल हाजीरजामीन व ठरेल तसें वागण्याबद्दल वर्तणूकजामीन घेत. बोलावण्यास प्यादा गेला तर त्याचा मसालाही बोलावलेल्यानेंच द्यावयाचा! म्हणून राजीनाम्याची मिति निवाड्याच्या मितीशीं ताडून पाहावी, एवढी संग्राहकांस विनंति आहे. तो निवाड्यानंतरचा निघाला, तर ती संमति कोणत्या तकाज्यानें मिळविली हा प्रश्न उभा राहतो; वतनाच्या इतिहासांत त्यानें मोठा फरक पडतो.

इंग्रजी अमलांत व्यक्तीपेक्षां स्थळास महत्त्व आलें. १९०८ च्या दिवाणी व्यवहार संहितेच्या विसाव्या कलमाप्रमाणें प्रतिवादी जेथें राहतो, धंदा करतो अथवा दाव्याचें कारण जेथें संपूर्ण वा अंशतः घडलें, तेथें दावा चालतो. तथापि जुन्या दोन्ही वाटा बुजल्या नाहींत. निकालापूर्वीं पळूं पाहणाऱ्यास पकडण्याची तरतूद अडतिसाव्या आदेशांत आहे. तो आसेधच, फक्त आतां न्यायालयाच्या हातचा. आणि स्थळाविषयींची हरकत आरंभींच न घेणाऱ्यास ती पुढें सहसा घेतां येत नाहीं, हें एकविसावें कलम न लिहिलेल्या राजीनाम्यासारखें आहे.

संस्थानांच्या सीमा जोंवर होत्या तोंवर हा प्रश्न तीव्र होता. नागपूरचें राज्य १८५४ मध्यें खालसा झालें, पण पंजाबांत फरीदकोट संस्थान होतें. तेथील राजाचा खजिनदार नोकरी सोडून १८७४ मध्यें निघून गेला. १८७९ मध्यें त्याच्या पाठीमागें फरीदकोटच्या न्यायालयांत दावे लागले व एकतर्फी हुकूमनामे झाले. ते बजावण्यासाठीं राजा लाहोरास गेला. १८९४ मध्यें प्रिव्ही कौन्सिलनें निर्णय दिला कीं, जो त्या राज्यांत राहत नव्हता आणि ज्यानें त्या न्यायालयाची सत्ता मान्य केली नव्हती, त्याच्याविरुद्धचा असा हुकूमनामा परराज्यांत शून्य होय. नोकरी केली एवढ्यानें राजीनामा दिला असें होत नाहीं.